आवडलेल्या पुस्तकांना नावं ठेवायची का?

पत्र

मी २९ वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी करते. शिक्षण मराठी माध्यमातलं. बारावीच्या सुट्टीत मैत्रिणीने चेतन भगत यांची एक कादंबरी हातात ठेवली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एक इंग्रजी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तेव्हापासून कॉलेजातल्या प्रेमकथा, मग अमीश, अश्विन सांघी यांच्या पौराणिक आणि थरारकादंबऱ्या असं मिळेल ते वाचत आले. हल्ली मात्र यातली बरीच पुस्तकं वाचताना चिडचिड होते. नायिका नायकाचं भलं करण्यापुरतीच येते. पौराणिक कादंबऱ्यांत माणसं बोलत नाहीत, व्याख्यानं देतात. आमच्या वाचनालयात दर महिन्याला वाचकांची बैठक असते. तिथे मी या पुस्तकांवर बोलेन म्हटलं, तर एक ज्येष्ठ सभासद (ते निवृत्त प्राध्यापक आहेत) म्हणाले, ‘हे साहित्यच नाही, त्यावर मत कसलं मांडायचं?’ घरी चुलतभावाला, म्हणजे दादाला, माझी नाराजी सांगितली तर तो उखडला. ‘लाखो लोक वाचतात ते काय मूर्ख आहेत? तू एक लिहून दाखव.’ ग्रंथपालताईंनी मात्र पुढच्या बैठकीत मलाच बोलायला सांगितलंय. ज्या पुस्तकांनी मला वाचायला लावलं त्यांनाच चारचौघांत नावं ठेवली तर तो कृतघ्नपणा होईल का? आणि माझं साहित्याचं काही शिक्षण नाही. मला तो अधिकार आहे का?

उत्तर

प्रिय वाचक,

अधिकाराचं आधी सांगते. तो तुम्हाला आहे, पुरेपूर आहे. बारावीपासून आजपर्यंत एकाच प्रकारची इतकी पुस्तकं तुम्ही मनापासून वाचलीत, त्यांच्यात रमलात, आणि कुठल्या जागी कंटाळा येतो हेही तुमच्या लक्षात आलं. साहित्याची पदवी घेतलेल्या कितीतरी जणांनी या कादंबऱ्या उघडूनही पाहिलेल्या नसतात. तुमच्या बैठकीत या विषयाची सर्वांत जास्त तयारी बहुधा तुमचीच असेल. तेव्हा बोलाच. अवघड आहे ते पुढचं: मनातली चिडचिड नेमक्या मतापर्यंत कशी न्यायची. त्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

सर आणि दादा तुम्हाला दोन टोकांकडून गप्प करत आहेत, पण दोघांचं म्हणणं फिरून एकाच जागी येतं. ही पुस्तकं तपासायची नसतात. सरांच्या मते ती त्या लायकीची नाहीत आणि दादाच्या मते खपानेच त्यांचा निकाल लागलेला आहे. मला दोन्ही पटत नाही. जे पुस्तक लाखो तरुण मुलं-मुली वाचतात, ज्यातून प्रेम कसं करायचं, बाई कशी असते, आपला इतिहास कसा होता याच्या कल्पना मनात बसतात, ते पुस्तक इतरांपेक्षा जास्त बारकाईने वाचायला हवं. त्याचे लाड नकोत आणि त्याला हिणवणंही नको.

सरांचा सूर मराठीला नवा नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांच्या नायकांची नावं माहीत नसलेला मराठी वाचक एके काळी सापडला नसता. वाङ्मयाच्या चर्चेत मात्र त्यांना फारसं कुणी बसवून घेतलं नाही. यात अर्नाळकरांचं जे नुकसान झालं ते झालंच, पण मराठी टीकेचं त्याहून मोठं झालं असं मला वाटतं. एक माणूस हजार वेळा वाचकाला पुढचं पान उलटायला लावतो, तो हे नेमकं कसं करतो, प्रकरण कुठे तोडतो, संशय कुणावर आणि कधी वळवतो, हे समजून घेण्याची एवढी मोठी संधी होती. ‘हे साहित्य नाही’ या एका वाक्याने ती घालवली. आज मराठीत चांगली रहस्यकथा का मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

सरांना सांगायला एक गोष्ट तुमच्याजवळ असू द्या. चंद्रकांत काकोडकर हे प्रणयकथा-कादंबऱ्यांचे अतिशय लोकप्रिय लेखक. त्यांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष ठरले. त्या निकालातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. न्यायमूर्तींनी कथा समग्र वाचली, आक्षेप घेतलेले उतारे तपासले, आणि निकालाचा आशय असा की कथेचा वाङ्मयीन दर्जा फार उंच नसेल, लेखकाची अपरिपक्वताही दिसत असेल, पण या उताऱ्यांत अश्लील म्हणावं असं काही नाही. दर्जाबद्दल शंका असूनही वाचन काळजीपूर्वक केलं. दर्जा कमी म्हणून दोष जास्त धरला नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका दिवाळी अंकातल्या प्रणयकथेला जेवढं लक्ष दिलं, तेवढं लक्ष गावच्या वाचनालयातल्या बैठकीने आजच्या कादंबरीला द्यायला काय हरकत आहे?

आता दादा. खपाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, त्यात तथ्य आहे. भगत यांचं ‘फाइव्ह पॉइंट समवन’ २००४ मध्ये आलं. त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या ‘रूपा’ या प्रकाशनसंस्थेने ९५ रुपयांना विकल्या, जेव्हा इंग्रजी कादंबरी घेणं हा विचार करून करायचा खर्च होता. अमीश यांच्या ‘द इममॉर्टल्स ऑफ मेलुहा’ला प्रकाशक मिळेना, म्हणून २०१० मध्ये त्यांनी ते प्रस्थापित प्रकाशकाविना बाजारात आणलं. पहिलं प्रकरण छापून दुकानांतून फुकट वाटलं, यूट्यूबवर सिनेमासारखी झलक टाकली. अश्विन सांघी यांनीही पहिली कादंबरी २००७ मध्ये टोपणनावाने, स्वतःच प्रसिद्ध केली होती. तिघांकडे व्यवस्थापनाची पदवी आहे आणि तिघांनी पुस्तक वाचकापर्यंत कसं पोचवायचं याचा विचार केला. इंग्रजी प्रकाशनाच्या जगाने तोपर्यंत ज्याच्याकडे पाहिलंच नव्हतं असा एक वाचक त्यांना दिसला होता: लहान गावातला, घरात इंग्रजी न बोलणारा, जाडजूड पुस्तकाला बिचकणारा. तो वाचक म्हणजे तुम्हीच. याचं श्रेय त्यांना मोकळेपणाने द्या. दादालाही ते ऐकून बरं वाटेल.

पण एवढं मान्य केल्यावर त्याला हेही सांगा की खपाचा आकडा किती जणांनी पुस्तक विकत घेतलं एवढंच सांगतो. वाचून झाल्यावर त्यांना काय वाटलं, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. तुम्ही ज्या कादंबरीवर चिडलात, तिची तुमची प्रतही त्या लाखांत धरलेली आहे. आणि ‘लिहून दाखव’ याला उत्तर द्यायच्या फंदातच पडू नका. कादंबरी इतर कादंबरीकारांसाठी छापलेली नसते, ती वाचकासाठी असते. वाचकाने काय अनुभवलं ते वाचकच सांगणार.

आता तुमच्या दोन आक्षेपांकडे येते. दोन्ही मला खरे वाटतात. पण आहेत त्या रूपात ते बैठकीत मांडलेत तर कुणीही एका वाक्यात उडवून लावील. त्यांना धार हवी.

‘पौराणिक कादंबऱ्यांत माणसं व्याख्यानं देतात.’ ठीक. कुठल्या कादंबरीत, कोण, कशावर? ‘मेलुहा’च घेऊ, तुम्ही ते वाचलेलं असणार. कल्पना खरोखर जबरदस्त आहे. शिव हा तिबेटातल्या एका टोळीचा नायक, मानसरोवराच्या काठचा, रोजच्या मारामाऱ्यांना कंटाळलेला. तो आपली माणसं घेऊन मेलुहात येतो, सोमरसाने त्याचा गळा निळा होतो, आणि ज्यांना तो धड ओळखतही नाही ते लोक त्याला तारणहार म्हणू लागतात. लेखकाने वाचकाला दिलेला शब्द इथे स्पष्ट आहे. एका साध्या माणसावर देवपण लादलं जातं तेव्हा त्याचं काय होतं, हे मी तुम्हाला दाखवणार. लोकप्रिय कादंबरी तपासायची माझी पद्धत अशी की आधी हा शब्द शोधायचा आणि मग तो किती पाळला ते बघायचं. ज्याचा शब्दच दिला नव्हता त्यासाठी भांडायचं नाही. थरारकादंबरीत मनोविश्लेषण नाही म्हणून रुसू नये, पण थरार नसेल तर मात्र सोडू नये.

‘मेलुहा’ची सुरुवात मला आवडते. थकलेला नायक, घर सोडायचं की नाही याची घालमेल, आणि अनोळखी देशाचं स्वच्छ, शिस्तबद्ध रूप बघून येणारा अविश्वास. इथे शब्द पाळलेला आहे. पुढे मेलुहाची राज्यव्यवस्था समजावून द्यायची वेळ येते आणि पात्रं शिवाला, म्हणजे आपल्याला, एकेक गोष्ट सांगत बसतात. त्यातली ‘मायका’ पद्धत आठवून बघा. जन्मलेलं मूल राज्याकडे द्यायचं, ते कुणाचं हे कुणालाच कळू द्यायचं नाही, आणि मोठं झाल्यावर परीक्षेने त्याचा वर्ण ठरवायचा. केवढी स्फोटक कल्पना आहे ही! जन्मावर उभ्या असलेल्या आपल्या समाजात असा विचार एका खपाऊ कादंबरीत यावा, हेच मोठं. आता तुम्ही ते प्रकरण पुन्हा काढा आणि बघा: ही व्यवस्था आपल्याला कळते ती कुणाच्या तरी तोंडून माहिती म्हणून, की मूल देऊन रिकाम्या हाताने परतणारी एखादी आई आपल्याला जवळून दिसते म्हणून? तुमचं उत्तर तुम्ही काढा. पण प्रश्न असा विचारलात की ‘व्याख्यानं देतात’ ही तक्रार उरत नाही. कादंबरीने हातात आलेल्या सोन्याचं काय केलं, हा मुद्दा होतो, आणि त्यावर बोलताना कादंबरीबद्दलचा तुमचा आदरही लपत नाही.

याच पुस्तकांबद्दल एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तुमच्या बैठकीतही येईल: शिव आजच्या पोरांसारखा बोलतो, हे शोभत नाही. या आक्षेपाला मी फारशी किंमत देत नाही. ‘मृत्युंजय’मधला कर्ण संस्कृतप्रचुर, अलंकारिक मराठीत बोलतो. खरा कर्ण तसाही बोलत नव्हताच. ती १९६७ सालच्या लेखकाने निवडलेली भाषा आहे, जशी २०१० सालच्या लेखकाने आपली निवडली. निवडलेली भाषा पात्राला साथ देते की नाही, एवढंच विचारावं. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे सगळे आपापली कथा सांगतात, त्यांचे आवाज एकमेकांहून वेगळे काढता येतात का, हा प्रश्न त्या लाडक्या कादंबरीलाही लागू आहे. आणि हो, सरांना हळूच आठवण करून द्या की ‘मृत्युंजय’ हीसुद्धा लोकप्रिय कादंबरीच आहे. पिढ्यांमागून पिढ्या ती वाचत आल्या, तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि म्हणून कुणी तिला साहित्यातून वगळलं नाही.

महाभारत-रामायणातल्या माणसांना देवत्वाशिवाय बघणं ही काही अमीश यांच्यापासून सुरू झालेली गोष्ट नाही, हेही बोलण्यात येऊ द्या. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ १९६७ चंच. एकाच वर्षी, एकाच महाकाव्यावर, मराठीत एक भावनेने ओथंबलेली कादंबरी आली आणि एक कठोर, कोरड्या नजरेने लिहिलेलं पुस्तक आलं. कन्नडमध्ये भैरप्पांचं ‘पर्व’ १९७९ मध्ये आलं आणि उमा कुलकर्णींनी ते मराठीत आणलं. मल्याळममध्ये एम. टी. वासुदेवन नायर यांनी १९८४ मध्ये भीमाच्या बाजूने कादंबरी लिहिली. आजच्या पौराणिक कादंबरीने या वाटेवर वेग आणला, मारामाऱ्या आणल्या, गुपितं आणली. काय मिळालं आणि काय हरवलं, हे ‘पर्व’मधलं कुंतीचं एखादं प्रकरण शेजारी ठेवून वाचलंत की तुम्हाला स्वतःलाच दिसेल. ‘पर्व’ जाड आहे, संथ आहे. सगळं नाही जमलं तर कुंतीपुरतं वाचा.

नायिकेचा आक्षेप थोडक्यात. प्रेमकथेत नायिका नायकाच्या प्रेमात पडणारच, त्यावर रागवायचं कारण नाही. तुमचा राग वेगळ्या गोष्टीवर आहे, असं मला पत्रावरून वाटलं: तिला स्वतःचं काही काम नसतं. मग एक सोपी तपासणी करा. जिथे नायक हजर नाही अशी पानं शोधा आणि तिथे ती काय करते, कशाचा विचार करते, ते बघा. २०१६ मध्ये भगत यांनी ‘वन इंडियन गर्ल’ लिहिली आणि सगळं निवेदन एका बाईच्या तोंडी दिलं. राधिका मोठ्या गुंतवणूक बँकेत काम करते, भरपूर कमावते. पुरुष लेखकाने हे करून बघितलं, याचं मला कौतुक आहे. पण कथेची वळणं बघा. न्यूयॉर्कमध्ये एक पुरुष, हाँगकाँगमध्ये दुसरा, गोव्यात लग्नघरात तिसरा. तिच्या कामातले प्रसंग आहेत, काही चांगलेही आहेत, तरी मोठे निर्णय येतात ते यांतल्या कुणाच्या तरी वागण्यामुळे. तुम्ही स्वतः बँकेत आहात, कामाच्या जागी बाईला रोज काय काय सोसावं आणि निभावावं लागतं हे तुम्हाला माहीत आहे. या पुस्तकावर तुमच्यासारखं कोण बोलू शकेल?

कृतघ्नपणाचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलात, पण पत्राचा सगळा भार त्याच्यावर आहे हे मला जाणवलं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी पुस्तक संपवल्यावर काय वाटतं, हे ज्यांनी ते भय अनुभवलेलं नाही त्यांना समजणार नाही. भगत यांच्या ‘हाफ गर्लफ्रेंड’मधला माधव बिहारमधल्या डुमरांवहून दिल्लीच्या नामांकित कॉलेजात येतो आणि इंग्रजीपाशी अडखळतो. त्या कादंबरीबद्दल माझ्या कितीही तक्रारी असल्या, तरी तो अडखळणारा मुलगा खोटा नाही. कित्येक वाचकांनी त्याच्यात स्वतःला पाहिलं असणार. असं पुस्तक तुमच्या आयुष्यात योग्य वेळी आलं, हे भाषणाच्या सुरुवातीलाच सांगा. लाजू नका, सारवासारव करू नका. बारावीतली तुम्ही खोटी नव्हता आणि तेव्हाचा आनंदही खोटा नव्हता.

आणि तरीही आज तुम्हाला जे खटकतं ते खटकतंच. पुस्तकाशी झालेली ओळख वाढली की त्याच्याकडून अपेक्षाही वाढतात. तुम्ही जिच्यावर इतकी वर्षं वेळ खर्च केलात, त्या कथेने तुम्हाला अधिक द्यावं ही मागणी आपलेपणातूनच येते. ज्याला या पुस्तकांशी काही देणंघेणं नाही, तो चिडतही नाही. तो सरांसारखा ‘हे साहित्य नाही’ म्हणून मोकळा होतो. तुमच्या चिडचिडीत मला प्रेम दिसतं, आणि ते श्रोत्यांनाही दिसेल.

बोलताना एक काळजी घ्या. ‘हल्लीचे लेखक’, ‘आजकालची पुस्तकं’ अशी वाक्यं अजिबात वापरू नका. एकच कादंबरी निवडा, फार तर दोन. मला विचाराल तर ‘मेलुहा’ निवडा, कारण सरांना महाभारत-पुराणांत रस असणार आणि दादाने ते वाचलेलं असणार. त्यातलं तुम्हाला मनापासून आवडलेलं एक पान मोठ्याने वाचा आणि ते का जमलंय ते सांगा. मग न जमलेलं एक पान वाचा. आवडलेलं पान आधी, हा क्रम बदलू नका. पुस्तक इंग्रजी असेल तर उतारा वाचून त्याचा मतलब तुमच्या शब्दांत सांगा, बैठकीतल्या सगळ्यांना सोबत घ्या. मराठी अनुवाद वाचनालयात असेल तर तो वापरू शकता, पण मग भाषेबद्दल तक्रार करताना ती मूळ लेखकाची चूक की अनुवादकाची, हे तपासल्याशिवाय बोलू नका. लोकप्रिय पुस्तकांचे अनुवाद अनेकदा घाईत उरकलेले वाटतात आणि बोल मात्र भलत्याला बसतो.

लेखकावर व्यक्ती म्हणून बोलू नका. तो मुलाखतीत काय म्हणाला, समाजमाध्यमांवर काय लिहितो, त्याची राजकीय मतं काय, हे सगळं बाजूला. या लेखकांच्या बाबतीत चर्चा तिकडे फार लवकर घसरते आणि पुस्तक तसंच मिटलेलं राहतं. वाचकांवर तर चुकूनही बोलू नका. ‘हे वाचणारे लोक’ अशी सुरुवात झाली की समोर बसलेली कॉलेजची मुलगी पुन्हा बैठकीला येणार नाही, आणि वाचनालयांना आज तिचीच सर्वांत जास्त गरज आहे.

दादाला बैठकीला बोलवा. घरच्या ग्रुपवर वाद घालत बसू नका, तिथे कुणाचंच मत कधी बदलत नाही. त्याला आधी विचारा, ‘दादा, तुला यातला कुठला प्रसंग सर्वांत आवडतो?’ आणि तो जे सांगेल ते नीट ऐकून घ्या. कदाचित तुमच्या भाषणातलं ‘जमलेलं पान’ त्याच्याकडूनच मिळेल. सरांनाही तसंच विचारा. शाळा-कॉलेजात असताना त्यांनी अर्नाळकर, नारायण धारप, गुरुनाथ नाईक यांच्यापैकी कुणाला वाचलं होतं? त्या पिढीतल्या पुष्कळांच्या मनात अशी पुस्तकं आहेत. फक्त चारचौघांत त्यांबद्दल कुणी विचारत नाही. सर मोकळे झाले तर तुमच्या बैठकीत एका संध्याकाळी चार पिढ्यांची लोकप्रिय कादंबरी येईल.

पुढे काय वाचावं असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, तरी सुचवते, कारण तुमच्या पत्रात लोकप्रिय कादंबरी म्हणजे इंग्रजीतलीच, असं नकळत धरलेलं आहे. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ ची. २०१३ मधल्या सिनेमानंतर नव्या पिढीने ती पुन्हा हातात घेतली. कॉलेज, कट्टा, मैत्री, प्रेम हे सगळं तिथेही आहे. इंग्रजीतल्या कॅम्पस-कथांनंतर ती वाचलीत तर तुलना आपोआप होईल, आणि ती नेहमी मराठीच्या बाजूनेच झुकेल असं समजू नका. भीतीची गोष्ट आवडत असेल तर धारपांपासून सुरुवात करा आणि मग आजच्या हृषीकेश गुप्तेंपर्यंत या. हिंदीत सुरेंद्र मोहन पाठक आहेत. त्यांच्या गुन्हेगारीकथा रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर वर्षानुवर्षं खपल्या आणि मग इंग्रजी अनुवादापर्यंत पोचल्या. चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ या प्रकाशनसंस्थेने २००८ मध्ये तमिळमधल्या अशा कथांचा इंग्रजी संग्रह काढला. तो मिळाला तर जरूर वाचा, तमिळ वाचक स्टॉलवरून काय घेऊन घरी जात होता ते कळेल. वाचायला वेळ मिळत नसेल तर कानाने ऐका. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी कथा-कादंबऱ्या तिथे भरपूर आहेत, आणि रहस्यकथा कानाला फार छान लागते.

शेवटी वाचनालयाबद्दल एक विनंती. ग्रंथपालताई तुमच्या बाजूच्या दिसतात. वाचकांनी सुचवलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारी वही तुमच्याकडे असेल, नसेल तर त्यांना सुरू करायला सांगा. तुमच्या बोलण्यानंतर कुणी ‘पर्व’ मागेल, कुणी ‘मेलुहा’चा पुढचा भाग, कुणी अर्नाळकर. पुस्तकाच्या नावापुढे ते का हवं, याचं एक वाक्य लिहायला जागा ठेवा. खरेदी ठरवताना ती वही समितीपुढे असू दे. आणि भाषण झालं की ‘मायका’च्या प्रश्नाला बैठकीत काय उत्तरं आली, ते मला नक्की कळवा.